बांडगूळ कोणाला म्हणायचं?

परोपजीवी वनस्पती आणि प्राणी या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत झाडाझुडपांइतकेच शब्दांचेही प्रश्न निघाले. म्हणून वनस्पतींचे आणि भाषेचे अभ्यासक अशा दोघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात चाळीसेक वर्षांचा रायवळ आंबा आहे. त्याच्या दोन-तीन फांद्यांवर बांडगूळ माजलंय. माळी म्हणतो, काढलं नाही तर झाड जाईल. कमिटीतले एक काका म्हणतात, औषधी आहे, हात लावू नका. खरं काय? आणि काढायचं तर कसं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : झाडाकडे बघून ठरवायचं. एखाद-दुसरं बांडगूळ चाळीस वर्षांचा आंबा सहज सोसतो. पण झाडाचा तिसरा हिस्सा त्यानं व्यापला, मोहर कमी येऊ लागला आणि बांडगुळाच्या पुढचे शेंडे वाळू लागले, की मग थांबू नये. दोन-तीन फांद्या म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात.

मुंबईत आणि कोकणात आंब्यावर सर्रास दिसतं ते डेन्ड्रोफ्थी फाल्काटा. जाड, चामड्यासारखी पानं आणि नळीसारखी नारिंगी-लाल फुलं. पानं हिरवी असल्यामुळे साखर ते स्वतः तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे घेतं. म्हणून त्याला अर्धपरोपजीवी म्हणतात. या उसन्या पाण्यावर ते उधळपट्टी करतं. आंबा उन्हात पानांची रंध्रं मिटून पाणी राखतो, तेव्हाही बांडगुळाची रंध्रं बरीचशी उघडी राहतात आणि बाष्प जात राहतं. त्या ओढीनंच पाणी त्याच्याकडे वळतं. एप्रिल-मे महिन्यांत बांडगुळाच्या पलीकडचा शेंडा आधी सुकतो तो यामुळे.

ते झाडावर येतं कसं, हे कळलं की काढण्याची रीतही कळते. फुलटोच्या नावाचा पक्षी असतो, जेमतेम ८ सेंटिमीटरचा. तो बांडगुळाचं पिकलं फळ गिळतो. गर पोटात राहतो आणि बी थोड्याच वेळात बाहेर येतं, पण सुटून खाली पडत नाही. बीभोवतीचा चिकटा तारेसारखा लांबत राहतो. पक्षी वैतागून फांदीला बूड घासतो आणि बी सालीला डकवलं जातं. चिकटा वाळला की पावसानंही ते हलत नाही. मग कोंब फुटतो. तो जमिनीकडे जात नाही, सालीकडे वळतो, टोकाशी चकतीसारखा चपटा होतो आणि आत घुसतो. हे शोषक मूळ फांदीच्या जलवाहिन्यांना जाऊन भिडतं. बाहेर तुम्हाला एक गाठ दिसते, पण मूळ आत दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं.

म्हणून नुसती पानं ओरबाडून उपयोग नाही, दोन महिन्यांत तिथूनच नवे धुमारे येतात. गाठीपासून खोडाच्या बाजूला निदान ३० सेंटिमीटर मागे येऊन अख्खी फांदी कापायची. आंबा उतरवून झाला की, पण पाऊस लागायच्या आत, ही वेळ चांगली. कोयत्यानं वरून घाव घातला तर फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडापर्यंत साल सोलत नेते. आंबे मरतात ते पुष्कळदा त्या जखमेनं. त्यासाठी तीन कापांत काम करा. पहिला काप करवतीनं खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडं पुढे, वरून. फांदी खाली आली की उरलेलं थोटूक तिसऱ्या कापानं साफ करा. बांडगूळ थेट खोडावर किंवा मुख्य फांदीवर असेल तर फांदी तोडता येत नाही. तिथं ते सालीलगत छाटून जागेवर काळं प्लास्टिक घट्ट गुंडाळा आणि धुमारे दिसतील तेव्हा पुन्हा छाटा. उजेड मिळाला नाही की ते खंगतं, पण त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवायचं आणि मग एकत्र ढवळायचं. लोखंडी सुरी मिनिटभर त्यात बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना घाला. तसंच लावलं तर साल भाजते. पेस्ट त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी तिचा गुण राहत नाही.

करवत हातात घ्यायच्या आधी एक अर्ज करावा लागेल. आवार खासगी असलं तरी मुंबईत झाडाच्या छाटणीला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. १९७५च्या वृक्ष कायद्याखाली हा अधिकार वृक्ष प्राधिकरणाकडे आहे. अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा, सोबत बांडगूळ स्पष्ट दिसेल असे फोटो जोडायचे.

आणि एक विनंती. उंचावरचं, झाडाला न जाचणारं एखादं बांडगूळ राहू द्या. पिवळ्या पंखांच्या कडेनं लाल ठिपक्यांची रांग असलेलं जे फुलपाखरू मुंबईभर दिसतं, ते हळदीकुंकू, आपली अंडी बांडगुळाच्या पानांवरच घालतं. त्याच्या अळ्या घोळक्यानं तीच पानं खाऊन वाढतात. फुलांतला मध शिंजीर पितात. सगळ्या आवारांतली सगळी बांडगुळं गेली तर हळदीकुंकूही जाईल.

प्रश्न : आमच्या माळ्यानं आंब्यावरची ऑर्किडं "बांडगुळं आहेत" म्हणून उपटून टाकली. बरोबर केलं का? – बोरिवली

उत्तर : नाही. ऑर्किड, म्हणजे आमरी, फांदीवर नुसती बसते. तिची मुळं सालीला धरून असतात, आत शिरत नाहीत. हवेतली ओल आणि सालीवर साचलेला कचरा यांवर ती जगते. अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. मुळं बोटानं उचलून बघा. सालीवरून सुटी निघाली आणि खाली साल धड असेल तर ती पाहुणी. साल फुगलेली, गाठ आलेली आणि झाडाशी एकजीव झालेली असेल तर बांडगूळ. उपटलेल्या आमऱ्या अजून सुकल्या नसतील तर काथ्यानं त्याच फांदीवर बांधा. पावसाळ्यात धरतात.

भिंतीतला किंवा दुसऱ्या झाडावरचा पिंपळही परोपजीवी नाही. तो रस घेत नाही, जागा आणि उजेड घेतो. त्यानं इमारतीचं नुकसान होतंच, पण ते मुळांच्या जाडीनं होतं. नुसता शेंडा कापला तर मूळ आत जाडच होत राहतं. बोटभर असतानाच मुळासकट काढून ती भेग सिमेंटनं बुजवा.

प्रश्न : मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. परजीवी, परोपजीवी, परपोषी, मृतोपजीवी हे शब्द मुलं एकमेकांच्या जागी लिहितात. नेमका फरक काय सांगावा? आणि "परोपजीवी" हा शब्द आधी माणसांसाठी होता की जिवांसाठी? – एक शिक्षिका, परळ

उत्तर : परपोषी हा सर्वांत मोठा गट. जो स्वतः अन्न बनवत नाही तो परपोषी. आपण, वाघ, भूछत्र, ऊ, सगळे त्यात आले. मुलांना पहिलं हेच सांगा, की परपोषी असणं ही शिवी नाही, बरीचशी सजीव सृष्टी तशीच आहे. मृतोपजीवी मेलेल्यावर जगतो. पावसात लाकडावर उगवणारी छत्री तशी. परोपजीवी जिवंत शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याकडून अन्न घेतो आणि त्यात त्या शरीराचा तोटा होतो. जिवंत पोशिंदा, त्याच्याशी लागून राहणं आणि त्याचा तोटा, या तीन अटींतली एक जरी पडली तरी शब्द बदलावा लागतो. तोटा गेला की सहभोजिता, दोघांचाही फायदा झाला की सहजीवन. परजीवी हे परोपजीवीचंच सुटसुटीत रूप, अर्थ तोच. दोन्ही चालतात, पण एका उत्तरात एकच वापरायला सांगा.

वाळवीचं उदाहरण वर्गात छान चालतं. "संस्थेला वाळवी लागली" असं आपण म्हणतो, पण वाळवीचं मुख्य खाद्य मेलेलं लाकूड. दाराच्या चौकटीतली वाळवी कोणा जिवंत झाडाचं खात नाही. म्हणजे या वाक्प्रचारात आतून पोखरणं बरोबर पकडलंय, परोपजीवीपणा मात्र नाही.

शब्दाच्या प्रवासाबद्दल. इंग्रजीतला पॅरासाइट ग्रीकमधून आला. पॅरा म्हणजे शेजारी, सीटोस म्हणजे धान्य, अन्न. शेजारी बसून जेवणारा. सुरुवातीला हा मानाचा शब्द होता. देवळातल्या विधीत पुजाऱ्यांच्या पंगतीला बसणाऱ्याला तो लावत. पुढे ग्रीक सुखान्त नाटकांत तो श्रीमंताची स्तुती करून ताटावर बसणाऱ्या पात्राचं नाव झाला. अठराव्या शतकात वनस्पती आणि किड्यांना तो लागला. म्हणजे तिकडे शब्द पंगतीतून झाडावर गेला.

मराठीत उलटं झालं. बांडगूळ आधी झाडावर होतं, तिथून माणसाच्या माथी आलं. गोचीड, जळू, ढेकूण हे शब्दही असेच गोठ्यातून, डबक्यातून, खाटेच्या फटीतून बोलण्यात आले. परोपजीवी हा संस्कृत घडणीचा शब्द, पर आणि उपजीवी. त्याच उपजीवीतून उपजीविका आली. एकाच धातूतून पोटापाण्याचा धंदाही निघाला आणि दुसऱ्याच्या जिवावर जगणंही. फळ्यावर हे दोन शब्द शेजारी लिहून बघा, व्युत्पत्ती मुलांच्या लक्षात राहते.

प्रश्न : आमच्या खिडकीसमोर कावळ्याचं घरटं आहे. त्यात कोकिळेचं पिल्लू वाढतंय असं वाटतं. कोकिळा गाते इतकी गोड आणि वागते अशी का? पिल्लू खाली पडलं तर काय करायचं? – दादर

उत्तर : आधी गाण्याचं. "कुहू" हा नराचा आवाज. नर काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके, आणि तिचा आवाज किक्-किक् असा घाईचा. मराठीनं गाण्याचं श्रेय कोकिळेला दिलं आणि घरटं न बांधल्याचा ठपकाही तिच्यावरच ठेवला. त्यातला दुसरा भाग तेवढा तिचा. संस्कृत या बाबतीत काटेकोर होतं. कोकिळाला परभृत, म्हणजे दुसऱ्यानं पोसलेला, आणि कावळ्याला परभृत्, दुसऱ्याला पोसणारा. एका हलन्तानं पोशिंदा आणि पोसलेला वेगळे केले.

मुंबईत मार्चपासून कोकीळ ओरडू लागतो आणि साधारण तेव्हापासूनच कावळेही काड्या, तारा गोळा करताना दिसतात. नर घरट्याजवळ येऊन कावळ्यांना मागे लावतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून जाते, असं अनेकदा दिसतं. खरा खेळ दिवसांचा आहे. कोकिळेचं अंडं १२ ते १४ दिवसांत फुटतं, कावळ्याचं १६-१७ दिवसांत. दोन-तीन दिवस आधी जन्मलेलं पिल्लू चोच वासून आधी घास मिळवतं. युरोपातल्या कक्कूचं पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. आपल्या कोकिळाचं पिल्लू सहसा तसं करत नाही, कावळ्याची पिल्लंही कधीकधी त्याच्याबरोबर वाढतात. एकाचा दोष दुसऱ्यावर टाकू नये म्हणून हे मुद्दाम लिहिलं. यात कोकीळ कावळ्याचं रक्त पीत नाही की अन्नरस शोषत नाही. तो त्याची मेहनत घेतो. शास्त्रात याला पिल्लांच्या संगोपनातलं परोपजीवन म्हणतात. पावशा आणि चातकही असेच, ते सातभाईंच्या घरट्यात अंडी देतात.

"आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण मात्र इथं लागू पडत नाही. नागोबा बीळ घेतो, उंदराकडून पिल्लं वाढवून घेत नाही.

पिल्लू पडलं तर आधी लांबून बघा. पंखांवर पुरती पिसं फुटली असतील आणि ते फांदीवर टिकत असेल तर उचलू नका, कावळे येऊन भरवतात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, पाव, भात नको. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळणं कायद्यानं गुन्हा आहे.

प्रश्न : बागेच्या मेंदीच्या कुंपणावर पिवळ्या शेवयांसारखी वेल पसरलीय. दरवर्षी ओढून काढतो, दरवर्षी येते. – गोरेगाव

उत्तर : ही अमरवेल. हिला पानं नाहीत, हरितद्रव्य नावापुरतं, आणि मोठेपणी मुळंही नाहीत. बी जमिनीत रुजतं, कोंब वर येऊन गोल गोल फिरत आधार शोधतो. आठवड्याभरात यजमान मिळाला नाही तर तो मरतो. मिळाला की विळखे घालतो, आतल्या बाजूनं शोषक मुळं घुसवतो आणि जमिनीशी नातं तोडतो. शोध तो वासानंही घेतो. २००६ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात अमरवेलीच्या एका जातीचे कोंब टोमॅटोच्या नुसत्या वासाकडे वळले होते.

तुमचं चुकतंय ते ओढण्यात. ओढताना वेल तुटते आणि विळख्यातला इंचभर तुकडा आत राहतो. तेवढा तिला पुरतो. वेलीचा मोह सोडून कुंपणाच्या त्या फांद्याच कापा, वेल दिसते त्याच्या वीतभर पलीकडून. पांढरी घंटेसारखी बारीक फुलं यायच्या आत हे झालं पाहिजे, कारण टणक सालीचं बी मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. कापलेलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. खतखड्ड्यात टाकू नका, शेजारच्या रानात तर नकोच. पुढचे दोन महिने दर आठवड्याला कुंपण तपासा. मजा म्हणून मुलं तुकडे दुसऱ्या झुडपांवर टाकतात, तेवढं थांबवा. तणनाशकाच्या फंदात पडू नका, वेलीआधी मेंदी जळेल.

किनाऱ्यालगतच्या झुडपांवर अगदी अशीच, जरा हिरवट आणि चिवट वेल दिसते. तिलाही लोक अमरवेलच म्हणतात. पण तुमच्या कुंपणावरची रताळ्याच्या कुळातली आणि किनाऱ्यावरची दालचिनीच्या. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच जीवनपद्धत स्वतंत्रपणे गाठली.

प्रश्न : सभेत, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर एखाद्या अख्ख्या समाजाला "बांडगुळं" म्हटलेलं ऐकू येतं. मित्र म्हणतात, ते रूपक आहे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं? – कायद्याची विद्यार्थिनी, चर्चगेट

उत्तर : लावून घ्यावं असंच आहे. शब्दाशब्दांत फरक असतो. ऐतखाऊ, आयतोबा, फुकट्या हे शब्द माणसाच्या वागण्याला नाव ठेवतात. वागणं सुटू शकतं. आज ऐतखाऊ असलेला उद्या कामाला लागतो आणि शब्द गळून पडतो. बांडगूळ, जळू, गोचीड हे शब्द माणसाची जातच बदलतात. बांडगूळ सुधारत नाही. त्याच्यावर एकच इलाज, छाटायचं. ऐकणाऱ्याच्या मनात हा इलाज शब्दाबरोबरच जातो, वक्त्याला तो उच्चारावाही लागत नाही.

हे कुठवर जातं, ते इतिहासात नोंदलेलं आहे. नाझी जर्मनीत ज्यूंना वर्षानुवर्षं परोपजीवी आणि उवा म्हटलं गेलं. पुढे आउशवित्झच्या छळछावणीत जो वायू माणसांवर सोडला, तो झिक्लॉन बी, मूळचा उवा-किडे मारण्याचा वायू होता. सोव्हिएत रशियात १९६१ साली काम न करणाऱ्यांना परोपजीवी ठरवणारं फर्मान निघालं. कवी जोसेफ ब्रॉडस्की याच आरोपाखाली १९६४ साली कोर्टात उभे राहिले. कविता लिहिणं, भाषांतरं करणं हे काम म्हणून मोजलं गेलं नाही. सक्तमजुरीसह पाच वर्षांची हद्दपारी झाली. १९६५ साली सुटका झाली आणि १९८७ साली साहित्याचं नोबेल मिळालं.

शब्द तपासायचा तर शास्त्राच्याच कसोटीवर तपासा. घेतलं काय, कोणाकडून, आणि देणाऱ्याचं किती कमी झालं? भाषणात पहिल्याचं उत्तर ठोकून दिलं जातं, बाकीच्या दोहोंचं नसतं. "बायको घरात बसून खाते" म्हणणाऱ्या नवऱ्यालाही हेच विचारा. पहाटे पाण्याला उठण्यापासून रात्री ओटा पुसण्यापर्यंतचं काम ती करते, पैसे कोणी देत नाही. घेणारा आणि देणारा कोण, हे कागदावर मांडलं की बाजू फिरते. शहराचा कचरा उचलणारे, इमारतींचे पाये खणणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांना शहरावरचा भार म्हणणाऱ्यांचंही तसंच.

धडधाकट मुलगा म्हाताऱ्या आईचं पेन्शन दारूत घालत असेल तर त्याला जे म्हणायचं ते म्हणा. तिथं तिन्ही उत्तरं समोर आहेत. एका माणसाचं एक वागणं आणि जन्मानं मिळालेली ओळख यांत एवढा फरक आहे.

प्रश्न : चंदनाचं रोप कुंडीत लावलं. वर्षभर बरं होतं, आता पिवळं पडून जागच्या जागी थांबलंय. खत-पाणी वेळेवर आहे. – विलेपार्ले

उत्तर : त्याला शेजारी नाही. चंदन हेही अर्धपरोपजीवी आहे. त्याची मुळं दुसऱ्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. ३०० हून अधिक जातींच्या वनस्पती त्याला यजमान म्हणून चालतात. बियातला साठा आणि कुंडीतली माती यांवर ते वर्षभर निभावतं, मग अडतं. खत वाढवून काही होत नाही, उलट मुळं भाजतात.

त्याच कुंडीत, रोपापासून चार बोटांवर, तुरीचे दोन-तीन दाणे टोका. तूर डाळवर्गातली, मुळांवर नत्र बांधणारी, चंदनाला मानवते. पण ती झपाट्यानं वाढते आणि चंदनावर सावली धरते. म्हणून तिला चंदनापेक्षा वीतभर बुटकी ठेवून खुडत राहा. दोन-तीन महिन्यांत चंदनाला तजेलदार पालवी दिसायला हवी. कुंडीचं भोक मोकळं ठेवा. मुंबईच्या पावसात पाणी तुंबलं की चंदन कुजतं. तूर वर्ष-दोन वर्षांची सोबतीण. झाड जमिनीत न्यायचं तर शेजारी करंज, कडुनिंब किंवा सुरू असं दीर्घायुषी झाड लागतं. कुंडीत सुगंधी गाभा मिळेल अशी आशा धरू नका. तो जमिनीतल्या झाडालाही दहाएक वर्षांनंतर धरू लागतो, आणि चंदन तोडायला वन विभागाची परवानगी लागते.

दुसऱ्यासाठी झिजण्याची उपमा मराठीनं ज्या झाडाला दिली, ते स्वतः दुसऱ्याच्या मुळांवर उभं असतं. उपमा खोटी ठरत नाही. सहाणेवर चंदन झिजतंच. फक्त त्याच्या पोटी एक करंज किंवा एक तूरही झिजलेली असते, तिचं नाव कोणी घेत नाही.

प्रश्न : कुंभारीण अळीला घरट्यात कोंडते, गुणगुणते आणि अळीची कुंभारीण होते, असं आजी सांगायची. कीर्तनातही ऐकलंय. यात काही तथ्य? – गिरगाव

उत्तर : निरीक्षण खरं, निष्कर्ष वेगळा. खिडकीच्या चौकटीवर किंवा प्लगच्या भोकात मातीचं घरटं करणारी ही माशी अळ्यांना किंवा कोळ्यांना नांगी मारून लुळं करते, मारत नाही. मेलेलं भक्ष्य कुजतं, लुळं ताजं राहतं. त्यावर एक अंडं घालून ती तोंड लिंपते. आतून कुंभारीण बाहेर येते ती त्या अंड्यातली, अळी तिचं खाद्य झालेली असते. आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, एवढंच लोकांनी पाहिलं आणि त्यातून कीटक-भृंग न्याय उभा राहिला. ध्यास घेतला की तद्रूप होता येतं, हा त्याचा आध्यात्मिक अर्थ किड्यावर अवलंबून नाही.

याच चालीचे, पण घरटं न बांधता थेट दुसऱ्या किड्याच्या अंड्यात अंडं घालणारे अगदी बारीक किडे शेतकरी विकत आणतात. ट्रायकोग्रामा त्यातला, लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यानं आत अंडं घातलेली किड्यांची अंडी पुठ्ठ्यावर चिकटवून विकतात. अशा एका ट्रायकोकार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी असतात. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचं नाव "परोपजीवी मित्रकीटक". हे दोन शब्द शेजारी शेजारी शेतकऱ्याला मुळीच खटकत नाहीत.

प्रश्न : मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. औषध लावलं, आठ दिवसांनी पुन्हा दिसल्या. शेजारीण रॉकेल सुचवते. – कुर्ला

उत्तर : रॉकेल अजिबात नको, कातडी भाजते आणि पेट घेऊ शकतं. औषध बहुधा बरोबर होतं, ते एकदाच लावलं हे चुकलं. औषधानं ऊ मरते, लीख बरीचशी वाचते आणि आठ-नऊ दिवसांत फुटते. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या, टॉवेलनं टिपलेल्या केसांना दहा मिनिटं लावून धुवा आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच करा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला लावू नका. मधल्या दिवसांत दर तिसऱ्या दिवशी ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा. प्रत्येक वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसून बघा. लीख टाळूपासून पाव इंचाच्या आत चिकटवलेली असते, कानामागे आणि मानेवर आधी शोधा.

घरात सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. ऊ उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागून जाते, आणि डोक्यावेगळी झाली की दोन दिवसांत मरते. त्यामुळे गाद्या फेकण्याची गरज नाही. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि केसांचे रबर गरम पाण्यात धुतले की पुरे. शाळा बुडवायचंही कारण नाही, वेणी घट्ट घालून पाठवा.